भोपळ्याचे सार आणि पेजेची निवळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शरद ऋतूतील गरम पदार्थांविषयी नुकताच जो लेख आला, त्यात भोपळ्याच्या सूपची पाककृती होती. लोणी, मैदा, दूध आणि वरून मलई अशी तिची रीत होती. ते सूप मी करून पाहिले आणि ते चांगले झाले, हे आधी नमूद करते. मात्र लेखाच्या सुरुवातीला ‘आपल्याकडे भोपळ्याचे सूप करण्याची पद्धत नाही’ असे जे वाक्य होते, त्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सूप हा शब्द आपल्याकडे नव्हता, पण राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी आश्विन लागला की आठवड्यातून दोन-तीन वेळा लाल भोपळ्याचे सार होत असे, आणि ते भातावर ओतून घेण्यापेक्षा वाटीने पिण्याचीच रीत अधिक होती. ही कृती कोणी कधी लिहून ठेवली नाही. त्यामुळे ती माझ्या हातून जवळजवळ निसटली होती आणि परत मिळवायला मला बरीच वर्षे लागली. ती प्रमाणासह आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावी, एवढीच इच्छा आहे.

कोकणातला शरद हा चित्रांत दिसतो तसा पानगळीचा ऋतू नव्हे. दिवसा ऑक्टोबरचे ऊन अंगाची काहिली करते आणि रात्री अंगणातल्या दोरीवर विसरलेला कपडा दवाने ओला होतो. हळवे भात कापणीला आलेले असते, गरवे अजून उभे असते, आणि दुपारनंतर घाटाच्या बाजूने काळे ढग चढू लागले की कापून ठेवलेल्या भाताच्या काळजीने घरातल्या मोठ्या माणसांचे चेहरे बदलतात. याच दिवसांत परसातले भोपळे पिकतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर गोठ्याच्या भिंतीशी लावलेली बी आषाढात छपरावर चढते, भाद्रपदात ऋषिपंचमीच्या भाजीला पहिला कोवळा भोपळा देते आणि आश्विनात पेंढ्याच्या छपरावर मोठमोठी तांबूस फळे जागोजागी बसलेली दिसू लागतात.

आजी या वेलाकडे लक्ष ठेवून असे. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. नर फुले आधी येतात आणि मादी फुलाच्या तळाशी लहानसा गोल फुगवटा असतो, हे शास्त्र मी पुढे शाळेत शिकवले, पण ते मला आधी दाखवले ते आजीने. ती नर फुलांना वांझ फुले म्हणत असे. फुले पहाटे उमलतात आणि ऊन चढले की मिटतात, म्हणून सततच्या पावसाने मधमाश्या बाहेर पडत नसत त्या दिवसांत ती उजाडतानाच परसात जाई, एक वांझ फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढी आणि मधला दांडा मादी फुलाच्या आत हलकेच फिरवी. उरलेल्या वांझ फुलांची भजी होत. फळ पक्व झाल्यावर ते काढताना तीन-चार बोटे देठ ठेवलाच पाहिजे, असा तिचा दंडक होता. देठ मोडलेला भोपळा आधी खाऊन टाकायचा आणि देठाचा माळ्यावर गवतावर ठेवायचा. असे ठेवलेले भोपळे शिमग्यापर्यंत टिकलेले मी पाहिले आहेत.

आता साराविषयी. मला त्याची सर्वांत स्पष्ट आठवण आहे ती मी नऊ-दहा वर्षांची असतानाच्या एका संध्याकाळची. त्या दिवशी खाचरात कापलेले भात वाळत पडले होते आणि दिवेलागणीच्या सुमाराला एकाएकी विजा चमकू लागल्या. घरातली सगळी माणसे, शेजारच्या दोन घरांतली माणसे आणि आम्ही मुलेसुद्धा धावत खाली उतरलो आणि मिळतील तसे भारे बांधून पडवीत आणून टाकू लागलो. शेवटचे काही भारे भिजलेच. रात्री उशिरा आम्ही सगळे ओलेचिंब, अंगाला भाताची कुसे लागून खाज सुटलेली, असे पडवीत त्या भाऱ्यांच्या मध्येच बसलो होतो. भिजलेल्या भाताला मोड तर येणार नाहीत ना, या विचाराने कोणी फारसे बोलत नव्हते. आजी कंदील घेऊन आत गेली आणि थोड्या वेळाने पेजेच्या पितळ्यांतून तिने सगळ्यांना सार दिले. मोठ्यांना, मुलांना आणि मदतीला आलेल्या शेजाऱ्यांना एकाच तवलीतले. ते गरम होते, किंचित गोड, मग आंबट, आणि शेवटी घशात आल्याची ऊब देणारे. मला आठवते की दुसरी पितळी संपताना वडील पहिल्यांदा काही बोलले, आणि ते भाताविषयी नव्हते. भोपळा यंदा चांगला उतरला आहे, असे ते म्हणाले होते.

पुढे मी शिक्षणासाठी मुंबईला आले, नोकरी ठाण्याला केली आणि तिथेच राहिले. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू होईपर्यंत गावी जाणे म्हणजे एस.टी.चा रात्रभराचा प्रवास असे, त्यामुळे बहुतेक चाकरमान्यांप्रमाणे माझेही जाणे गणपतीत आणि मे महिन्यात होई. आश्विनात गाव दिसेनासे झाले आणि त्याबरोबर सारही. आजी गेल्यावर आईने ते काही वर्षे केले, मग आईही गेली. त्यानंतर मी स्वतः करू लागले तेव्हा लक्षात आले की सगळे जिन्नस ठाऊक असूनही ती चव येत नाही. कधी ते पाणचट होई, कधी नारळाचे दूध फुटून वर दाणे दिसत, कधी भोपळ्याला कच्चट वास राही. घरात सर्वांनी ते गोड मानून घेतले, पण मला ठाऊक होते की हे ते नव्हे.

याचा उलगडा तीन वर्षांपूर्वी झाला. गावी राहणाऱ्या माझ्या मोठ्या काकू उपचारांसाठी काही आठवडे आमच्याकडे होत्या आणि मी त्यांच्यासमोर सार करायला घेतले. त्यांनी तीन चुका दाखवल्या. मी भोपळा पाण्यात उकडत होते, आजी तो सालीसकट चुलीतल्या आरावर भाजत असे. मी सार मिक्सरमधून काढत होते, आजी रवीने घुसळत असे. आणि तिसरी गोष्ट सांगताना काकूंना आश्चर्यच वाटले. “अगो, पाणी कशाला घालतेस त्यात? पेजेची निवळ घालायची,” असे त्या म्हणाल्या. सकाळच्या उकड्या तांदळाच्या पेजेवर जे वरचे पाणी जमते ते बाजूला काढून ठेवत आणि रात्री सारात घालत. ही बाब घरातल्या प्रत्येक बाईला इतकी उघड वाटत होती की ती मला सांगावी असे आजीला वाटले नाही आणि आईलाही नाही. मी चाळीस वर्षे पाणी घालत होते.

म्हणून खालील प्रमाणे मी काकूंसमोर बसून मोजून लिहून घेतली आहेत आणि त्यानंतर अनेकदा करून पाहिली आहेत. ती चार माणसांसाठी आहेत.

साल आणि बियांसकट साधारण पाऊण किलो पक्व लाल भोपळा घ्यावा. साफ केल्यावर त्याचा अर्धा किलोच्या आसपास गर मिळतो. घेताना नखाने साल दाबून पाहावी. नख सहज रुतले तर तो कोवळा आहे, भाजीला चालेल, साराला नाही. गर गडद केशरी असावा. फिकट पिवळा भोपळा कितीही शिजवला तरी सार पातळ आणि बेचव होते. भोपळ्याच्या मोठ्या फोडी करून बिया काढाव्यात, पण साल ठेवावी. चूल नसेल तर जाड लोखंडी तव्यावर एक चमचा तूप सोडून फोडी गराची बाजू खाली करून मांडाव्यात, झाकण ठेवावे आणि मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे राहू द्याव्यात. गराला तांबूस डाग पडतात आणि तो चमच्याने सालीपासून सुटतो. भाजल्याने भोपळ्यातले पाणी आटते आणि गोडी दाट होते. भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे तो आणखी पाण्यात उकडला की त्याची चव जवळजवळ उरतच नाही.

अर्ध्या नारळाचा चव खवून, कोमट पाणी घालून वाटावा आणि एक वाटी घट्ट दूध काढून बाजूला ठेवावे. त्याच चोथ्यातून पुन्हा एक वाटी पातळ दूध काढावे. पाच आमसुले अर्धी वाटी कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवावीत. उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ दोन वाट्या हवी. ती नसेल तर साध्या भाताची पेज चालते, आणि तीही नसेल तर दोन वाट्या पाण्यात एक चमचा तांदळाची पिठी कालवून ते पाणी एकदा उकळून घ्यावे, पण पहिल्याची सर दुसऱ्याला येत नाही.

भाजलेला गर तवलीत घेऊन रवीने घुसळावा. मिक्सरमध्ये तो अगदी एकजीव, चिकट होतो. रवीने मधूनमधून भोपळ्याचे धागे राहतात आणि ते राहायलाच हवेत. त्यात निवळ आणि पातळ दूध घालून मंद आचेवर ठेवावे, एक इंच आले ठेचून घालावे, एक हिरवी मिरची मोडून घालावी आणि पाच-सात मिनिटे उकळू द्यावे. मग आच अगदी कमी करून घट्ट दूध घालावे आणि बाजूंनी बुडबुडे दिसू लागताच तवली उतरवावी. आमसुलांचे पाणी तवली खाली उतरवल्यानंतरच घालायचे. मी वर्षानुवर्षे ते चुलीवर असतानाच घालत होते आणि आंबटपणा व उष्णता एकत्र आल्याने नारळाचे दूध फुटत होते. आमसुले बहुधा मीठ लावून वाळवलेली असतात, म्हणून मीठ सर्वांत शेवटी चव पाहून घालावे. भोपळा पुरेसा गोड नसेल तरच सुपारीएवढा गूळ घालावा. दोन चमचे तुपात एक चमचा जिरे आणि आठ-दहा कढीपत्त्याची पाने तडतडवून ती फोडणी वरून ओतावी आणि लगेच झाकण ठेवावे. आमच्याकडे या साराला हळद आणि हिंग घालत नाहीत. काही घरांत घालतात असे मी ऐकले आहे आणि त्याविषयी माझा आग्रह नाही, पण लसूण मात्र घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण लसणीपुढे भोपळा बोलत नाही.

उरलेले सार दुसऱ्या दिवशी गरम करताना पुन्हा उकळू देऊ नये. तवली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावी. सोबत गुरगुट्या भात आणि भाजलेला पापड पुरतो.

ज्यांना यातल्या पोषणाविषयी उत्सुकता असेल त्यांच्यासाठी थोडे लिहिते. भोपळ्याचा केशरी रंग बीटा-कॅरोटीनचा असतो, शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते आणि ते स्निग्ध पदार्थाबरोबर खाल्ले तरच नीट शोषले जाते. नारळाचे दूध आणि तूप इथे केवळ चवीसाठी नाहीत. आयुर्वेदात शरद हा पित्त वाढण्याचा काळ मानला आहे. आजीला ग्रंथ वाचता येत नव्हते, पण आश्विनात ती मिरची एकच घाली आणि तूप दुप्पट.

आपल्या लेखात ‘बटरनट’ या भोपळ्याचा उल्लेख आहे. तो आता मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत मिळतो आणि अनेकांना तो परका वाटतो. वस्तुतः वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो ‘कुकर्बिटा मोस्चाटा’ या जातीचा आहे आणि आपल्याकडचे अनेक लाल भोपळे याच जातीचे आहेत. ही सगळी भावंडे मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोत भोपळ्याची लागवड सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून होत असल्याचे पुरावे मिळाले आहेत, आणि आपल्याकडे तो युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांबरोबर, मिरचीसारखाच, अलीकडच्या काही शतकांत आला. जुन्या मराठीतला भोपळा म्हणजे दुध्या किंवा कडू भोपळा, ज्याची वीणा आणि तंबोरे होतात. त्यामुळे सारासाठी बटरनट वापरायला माझी हरकत नाही, चव जवळची येते, केवळ त्याची गोडी जास्त असल्याने आमसूल एखादे वाढवावे. आमसूल मात्र सह्याद्रीच्या या बाजूचेच आहे, आणि आंबटपणासाठी त्याच्या जागी चिंच किंवा टोमॅटो घातल्यास तो वेगळा पदार्थ होतो.

एक सूचना संपादक म्हणून आपल्याला करावीशी वाटते. भोपळ्याच्या पाककृती छापताना कृपया त्याची निरनिराळ्या भागांतली नावे द्यावीत. विदर्भातल्या वाचकांसाठी कोहळे म्हणजे लाल भोपळा, ज्याची खसखस-खोबरे घातलेली बाकरभाजी करतात, तर पुण्याच्या वाचकांसाठी कोहळा म्हणजे दाराला बांधायचा किंवा पेठ्याचा पांढरा. कुठे तो काशीफळ आहे, कुठे गंगाफळ, कुठे डांगर. माझ्या नागपूरच्या एका सहकारी शिक्षिकेने माझ्या सांगण्यावरून सार करताना बाजारात चुकीचे फळ मागितले, हा माझाच अनुभव आहे. नावाच्या एका शब्दाने पाककृती पूर्ण फसू शकते.

दुसरी गोष्ट बियाण्याची आहे आणि ती मला अधिक जवळची आहे. बाजारात आज एकसारख्या आकाराचे, सुबक, वाहतुकीला सोयीचे भोपळे मिळतात. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या अर्का चंदन, अर्का सूर्यमुखी अशा चांगल्या जाती शेतकऱ्यांना उपलब्ध आहेत आणि त्यांविषयी मला आदरच आहे. पण आमच्या परसातला भोपळा खोल कंगोऱ्यांचा, बसका, पिकल्यावर सालीवर पांढरी भुकटी धरणारा होता. तसा मला आता गावातही एकाच घरी दिसला. काकूंनी त्याच्या बिया धुऊन, सावलीत वाळवून, चुलीच्या राखेत घोळवून डब्यात ठेवल्या होत्या आणि त्यातल्या अकरा त्यांनी मला दिल्या. इमारतीच्या गच्चीवर मोठ्या पिंपांत लावलेल्या त्यातल्या सहा उगवल्या. शेजारी दुसऱ्या जातीचा भोपळा असेल तर मधमाश्या परागांची सरमिसळ करतात आणि पुढची बी मूळ गुणाची राहत नाही. म्हणून आजी करीत असे तसेच मी पहाटे उठून मादी फूल हाताने फळवते आणि दिवसभर त्याला सुती कापडाची पिशवी बांधून ठेवते. पहिल्या वर्षी दोन फळे मिळाली, गेल्या वर्षी पाच. त्यातल्या एकाचे सार कोजागरीच्या रात्री गच्चीवर केले. गावाकडे ती नव्याची पूनव, त्या दिवशी दारावर भाताच्या लोंब्यांचे नवे बांधतात. काकू येऊ शकल्या नाहीत, पण फोनवर त्यांनी आधी निवळ कोणत्या तांदळाची घेतली हे विचारले आणि मग आमसुले कधी घातली हे विचारले. दोन्ही उत्तरे बरोबर आल्यावर त्या म्हणाल्या की मग झाले असेल.

माझी आपल्याला विनंती अशी की, पुरवणीत महिन्यातून एकदा तरी अशा घरगुती कृतींसाठी जागा द्यावी, ज्यांत केवळ जिन्नसांची यादी नसेल, तर ते केव्हा आणि का घालायचे हे करणाऱ्याकडून विचारून लिहिलेले असेल. ज्या गोष्टी घरात सर्वांना ठाऊक म्हणून कोणी सांगत नाही, त्याच नेमक्या विचाराव्या लागतात, आणि त्या सांगू शकणाऱ्या बायका आज ऐंशीच्या पुढच्या आहेत. खानदेश, मराठवाडा, विदर्भ, गोवा इथल्या, किंवा तिथून परदेशी गेलेल्या वाचकांच्या घरी भोपळ्याचे असे पातळ, पिण्याचे काही करीत असतील, तर त्यात पाण्याऐवजी काय घालतात हे त्यांनी आपल्या स्तंभातून कळवावे. ज्वारीच्या कण्यांचे पाणी, ताक किंवा डाळीचे कट असे काही असण्याची मला दाट शक्यता वाटते, आणि या आश्विनात ते करून पाहायला माझ्याकडे अजून तीन भोपळे माळ्यावर आहेत, देठासकट.

आपली,
एक नियमित वाचक, सेवानिवृत्त शिक्षिका
ठाणे